हिरवा चेहरा, लाल चेहरा आणि बाबांचा दमा

रात्री दोनच्या सुमारास बाबांना खोकल्याची उबळ आली की अख्खं घर जागं होतं. म्हणून हवा मोजायचं हे तळहाताएवढं यंत्र घेतलं. चार महिने वापरतेय. पडद्यावर पीएम २.५, फॉर्मल्डिहाइड (प्लायवूड, रंग यांतून निघणारा त्रासदायक वायू), कार्बन डायऑक्साइड आणि कोपऱ्यात एक चेहरा. हवा बरी असली की हिरवा हसरा, वाईट असली की लाल रडवेला.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते मोजण्यात यंत्र कामाचं आहे. आतला इवलासा पंखा हवा ओढतो, कणांवर लेझरचा उजेड विखुरतो, त्यावरून आकडा निघतो: एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ. काडी पेटवून विझवली की लगेच उसळी. मात्र बाथरूमच्या दाराशी ठेवू नका. वाफेच्या थेंबांनाही ते धूळच समजतं. आमच्याकडे आकडा ३०० च्या वर गेला तेव्हा बाबा म्हणाले, "आता आंघोळही बंद करू का?" हवा दमट असेल तेव्हाही आकडा जरा फुगलेलाच असतो.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र शुद्ध थाप. दारं-खिडक्या लावून चौघं दोन तास बसलो, तरी ४५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) पुढे सरकेना. बहिणीने नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली आणि २,०००! हा वायू ते मोजतच नाही, इतर वाफांवरून ठोकून देतं. खरा मोजायचा तर इन्फ्रारेड सेन्सर लागतो. फॉर्मल्डिहाइडही सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला की चढतं. आणि वास न येता जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड तर यादीतच नाही. बॅटरी जेमतेम तीन तास.

पण माझा खरा राग त्या चेहऱ्यावर आहे. बाबा स्वयंपाकघरात असतात तो तासभर २०० लागायचे, चेहरा रडायचा, आम्ही धावत जाऊन एक्झॉस्ट लावायचो. रात्री त्यांच्या खोलीत ४०, चेहरा हसरा, कारण या यंत्राचा हिरवा रंग ५० पर्यंत चालतो. एका रविवारी वही घेऊन बसले. स्वयंपाकघर १ तास, २००. झोप ८ तास गुणिले ४०, म्हणजे ३२०. उरलेले १५ तास साधारण २० ने, ३००. बेरीज ८२०, चोवीसने भागले तर ३४. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली सरासरी आहे १५. म्हणजे रडक्या तासापेक्षा जास्त धूळ हसऱ्या खोलीतून छातीत जात होती! हवेत काय आहे ते यंत्र सांगतं. ते कोणाच्या फुप्फुसात किती वेळ जातंय, हा हिशोब आपणच करायचा. धडधाकट भाचा आणि दम्याचे बाबा, दोघांना चेहरा एकच.

मग त्यांच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी रात्री लावून मागची उघडी ठेवायला लागलो. रात्रीचा आकडा २२ वर आला, दिवसाची सरासरी २८. १५ च्या अजून जवळजवळ दुप्पट आहेच. गेल्या पंधरवड्यात बाबा दोनदाच उठले, पण मधे औषधही बदललं, तेव्हा सगळं श्रेय यंत्राला देणार नाही.

पाचपैकी तीन तारे. चेहऱ्यावर मी चिकटपट्टी लावलीय.