एअर रायफल झकास, पण ती ५०० रुपयांची ‘रजिस्टर एन्ट्री’ अजून डोक्यातनं जाईना (९ महिने वापरून)

परवा सकाळी पोरीने रायफल काढली तर हवेच्या दाबाच्या गेजचा काटा १३० वर. रात्री मी स्वतः पंप मारून १९० पर्यंत भरलेली, घाम निघालेला, नंतर कुणी ट्रिगरला हात लावला नाही, मग हवा गेली कुठं? म्हणजे लीक. म्हणजे जिथनं घेतली त्या बंदुकीच्या दुकानात परत जाणं आलं, आणि तिथं जायचं म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

रायफलचे स्पेक्स सांगत बसत नाही, दहा मीटरच्या नेमबाजीची देशी पीसीपी (म्हणजे आधी पंपाने हवा भरून ठेवायची ती), नवीन पोरं घेतात तीच. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि आमच्या कोल्हापुरात घरटी एक नेमबाज निघाला, त्यातली एक आमची. (त्याचा इव्हेंट ५० मीटरचा, ती रायफल वेगळी, पण पोरीला कोण सांगणार.) रेंजवरची रायफल नंबर लावून मिळायची, म्हणून सप्टेंबरात स्वतःची घ्यायचं ठरलं.

फोनवर दुकानदार म्हणाला ३८ हजार, एमआरपीच आहे, या. गेलो. रायफल बघितली, पोरगी खूश, मी खिशात हात घातला आणि मालकांनी कॅल्क्युलेटर काढला. ट्युनिंग-झिरोइंग (म्हणजे नेम जुळवून देणं) १,२००. पॅकिंग ६००. रजिस्टर एन्ट्री ५००. वर कार्डाचे २ टक्के. म्हटलं कार्ड नको, यूपीआय करतो, तर म्हणे त्यालाही २ टक्के! अहो, बँक खात्यातनं यूपीआय केलं तर दुकानदाराला एक पैसा चार्ज लागत नाही, २०२० पासून शून्य आहे, हे सांगितल्यावर ते तेवढं हसून सोडलं. तरी ४०,३०० गेलेच. पक्कं बिल फक्त ३८ हजारांचं, बाकीचे २,३०० व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनने. पॅकिंग म्हणजे काय, तर कंपनीच्याच खोक्याला सुतळीचे दोन वेढे. ३०० रुपयाला एक वेढा.

पण माझा खरा राग त्या रजिस्टर एन्ट्रीवर. .१७७ बोअर (नळीचं माप) आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराच्या एअर रायफलला लायसन लागत नाही, शस्त्र नियम २०१६ मध्येच आहे ते. दुकानदार आधारची झेरॉक्स घेतो, वहीत नाव लिहितो, लिहू दे की, पण ती वही त्याची, पेन त्याचं, आणि झेरॉक्ससुद्धा मीच बाहेरनं २ रुपयाला काढून आणलेली! ५०० कशाचे? विचारलं तर "सिस्टीम आहे साहेब." बायको म्हणते ४० हजारात ५०० चं काय घेऊन बसलायस. बसलोय.

आता प्रामाणिकपणे एक सांगतो, ट्युनिंगच्या १,२०० बद्दल माझं मत बदललंय. कोचनी पहिल्या दिवशी टार्गेट लावून बघितलं, ग्रुप मस्त (सगळे शॉट जवळजवळ), साइटला दोन क्लिक सोडून काही करावं लागलं नाही. आमच्याच बॅचच्या एका पोराची ऑनलाइन मागवलेली, ती लीक झाली तर कुरियरने कंपनीला धाडली, तीन आठवडे पोरगं दुसऱ्याच्या रायफलकडं बघत बसलं. तेव्हा गावातलं दुकान बरं, असं मी चक्क बोललो एकदा.

नोव्हेंबरात पेलेट (छर्रे) आणायला गेलो तर काउंटरवर हीच भांडणं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लायसनवाल्या बंदुका जमा करायला सांगतात, पोलीस ठाण्यात नाहीतर अशा दुकानात. राधानगरीकडचे एक काका बारा बोअर परत न्यायला आलेले, रानडुकरं ऊस लोळवतात म्हणून घेतलेली बंदूक, आणि मालक त्यांच्याकडनं ठेवणावळ वर तेलपाण्याचे वेगळे मागतोय. काका म्हणाले, "तेल कुणी लावाय सांगितलं हुतं तुला?" मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तर परवाचं. गेलो. मेकॅनिकने वीस मिनिटांत ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलून दिली, माझ्यासमोर भरून साबणाचं पाणी लावून बुडबुडा नाही दाखवला. पोरगं हुशार आहे, त्याच्या कामाला तोड नाही. आता हिशोब ऐका. ओ-रिंग ३० रुपये. खोलणावळ २५०. खोलणावळ! वॉरंटी एक वर्षाची आहे म्हटलं, तर म्हणे वॉरंटी पार्टची, खोलायची नाही. मग ३० तरी कशाचे घेतले? ते परत दिले, २५० ठेवले.

रात्री १९० भरून ठेवली, सकाळी १९०. रायफलला पाचपैकी साडेचार, अर्धा हातपंपासाठी कापला, कंबर जाते. मेकॅनिकला पाच. मालकांना किती ते तुम्हीच ठरवा.

काल त्यांचाच फोन, मॅचचे पेलेट आलेत, ठेवू का दोन डबे? म्हटलं ठेवा, पण आत्ता सांगा, सगळं धरून किती? म्हणाले, "या तर खरं, बघू की."

जातोय शनिवारी. झेरॉक्स घेऊनच जातोय.