ग्रीनवरचा बॉल: मार्क करून उचलावा की आहे तसाच मारावा?

भाचा पुढच्या महिन्यात कंपनीच्या गोल्फ स्पर्धेसाठी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालाय. लांबचे फटके बरे मारतो, पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचला की गडबडतो. "मामा, दरवेळी मार्क करून, म्हणजे मागं नाणं ठेवून, बॉल उचलायचा, का तसाच ढकलून द्यायचा?" मग रविवारी जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर चादर अंथरली. चादर म्हणजे ग्रीन, भोवतीची फरशी म्हणजे कॉलर (ग्रीनच्या काठची पट्टी), एक वाटी आडवी ठेवली तो होल.

उचलू का, या प्रश्नाआधी बॉल नक्की आहे कुठं हे ठरवावं लागतं. बॉलचा जरासा भाग जरी चादरीला टेकला असेल तर तो ग्रीनवर, मग बाकीचा अख्खा फरशीवर असेना का. पण बॉल काठावरून चादरीवर नुसता झुकलाय आणि टेकलाय फक्त फरशीला, तर तो कॉलरवर. उभ्यानं बघून हे कळत नाही. भाच्यानं दोनदा चूक सांगितलं, तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसला तेव्हा बरोबर आलं.

या केसभराच्या फरकावर पुढचं सगळं बदलतं. ग्रीनवर असाल तर कारण न सांगता मार्क करा, उचला, पुसा, परत ठेवा. हे करताना चुकून बॉल हलला तरी पेनल्टी नाही, मूळ जागी ठेवला की झालं. कॉलरवर चिखल लागलाय म्हणून उचललात तर एक फटका गेला, म्हणजे मोजणीत एक वाढला, आणि तिथं बॉल चुकून हलवलात तरी सहसा एक जातोच. समोरच्यानं अडतोय म्हणून उचलायला लावला तर उचलायचा, पण पुसायचा नाही. हातातला चिखलाचा बॉल तसाच धरून उभं राहायचं, जीवावर येतं.

दुरुस्तीचं मात्र उलटं आहे, आणि इथं बरेच जण फसतात. इथं बॉल कुठाय हे बघायचं नाही, खराबी कुठाय ते बघायचं. बॉल कॉलरवर असला तरी तुमच्या रेषेत ग्रीनवर आलेले बॉलचे खड्डे, बुटांचे ओरखडे बुजवता येतात, वाळू झटकता येते. तीच वाळू कॉलरवर असेल आणि ती झाडून रेषा सुधारलीत तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो प्रकार) दोन फटके.

आता मुख्य तुलना. आमच्या गच्चीवर दुपारी वारा सुटला आणि उदाहरण आपोआप मिळालं. समजा तुमचा बॉल होलपासून तीन फुटांवर थांबलाय. उचलला नाही आणि वाऱ्यानं होलपासून सहा फुटांवर नेला, तर सहा फुटांवरूनच खेळायचं. एकदा मार्क करून उचलून परत ठेवला असेल, तर वाऱ्यानं कुठंही नेला तरी तो मूळ जागी परत येतो. अर्थात वाऱ्यानं होलकडे ढकलला तरीही परतच येतो, तो फायदा हुकतो. पण ग्रीनवर उतार असला की बॉल बहुतेक नको तिकडेच जातो, निदान माझा तरी. 2016 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत अमेरिकन खेळाडू डस्टिन जॉन्सनचा बॉल ग्रीनवर किंचित हलला आणि त्याला एक फटका लागला होता. तरी तो जिंकला. चुकून हलला तर पेनल्टी नाही, ही सूट पुढं 2017 पासून स्थानिक नियम म्हणून आणि 2019 पासून मुख्य नियमांत आली.

उचलण्याची जोखीमही आहे. परत ठेवताना जागा चुकली तर चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके, मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत ठरते तो प्रकार) तो होलच हरलात. 2017 मध्ये एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या स्पर्धेत अमेरिकन खेळाडू लेक्सी थॉम्पसननं छोट्याशा पटसाठी (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यासाठी) बॉल मार्क केला आणि परत ठेवताना जागा किंचित सरकली. टीव्हीवर बघणाऱ्या कुणीतरी कळवलं. दुसऱ्या दिवशी खेळ चालू असतानाच दोन फटके त्यासाठी आणि दोन चुकीच्या स्कोअरकार्डसाठी, असे चार तिच्या डोक्यावर बसले. शेवटी ती प्लेऑफमध्ये हरली. म्हणून नाणं बॉलच्या अगदी मागं ठेवायचं. कुणाच्या रेषेत येतंय म्हणून पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) एका डोक्याएवढं बाजूला सरकवलं, तर परत आणायचं विसरायचं नाही. भाच्याला सांगितलंय, सरकवलंस की पटर उलटा धर, आठवण राहील. आणि मार्कर माणसानं बनवलेली वस्तूच हवी. त्यानं गंमत म्हणून शेंगेचं टरफल ठेवलं होतं, ते चालत नाही.

दुसऱ्याचा बॉल तुमच्या वाटेत असेल तर स्ट्रोक प्लेमध्ये त्याला उचलायला सांगाच. दोन्ही बॉल ग्रीनवर असताना तुमचा त्याच्यावर आदळला तर तुम्हाला दोन फटके. मॅच प्लेमध्ये पेनल्टी नाही. होलमधल्या झेंड्याच्या काठीची काळजी सोडा, 2019 पासून ती जागेवर ठेवून मारता येतं.

एकाच ठिकाणी मी हात आवरायला सांगतो. बॉल होलच्या ओठावर लटकलाय, आता पडतो की मग पडतो. तिथं लगेच नाणं काढू नका. चालत पोचायला लागेल तेवढा वेळ आणि त्यावर 10 सेकंद मिळतात. तेवढ्यात पडला तर आधीच्याच फटक्यात होल झाला. त्यानंतर पडला तरी होल धरतात, पण एक फटका वाढतो.

ग्रीनवर बाकी सगळीकडे माझं मत उचलण्याच्या बाजूनं. चिखल जातो, वाऱ्याची भीती जाते, आणि बसून बघता बघता उतारही दिसतो. घाईनं पट मारणाऱ्या माणसाला तर हे औषधच आहे. फक्त मारण्याआधी नाणं उचलायचं. भाच्यानं रविवारी चारदा ते बॉलमागं तसंच ठेवून मारलं, स्पर्धेत दरवेळी एकेक फटका गेला असता.