टी ट्री की कडुलिंब?

कोथरूडहून हिंजवडीला रोज हेल्मेट घालून जाणाऱ्या भाच्याचा प्रश्न: डोक्यात कोंडा, मानेवर शिबं, टी ट्री ऑइल लावू की कडुलिंबाचं तेल? दोन्ही तक्रारींमागे मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असतं.

आधी गुण. टी ट्रीतलं टर्पिनेन-४-ऑल यीस्टच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं. ५ टक्के टी ट्रीच्या शाम्पूने कोंडा कमी झाल्याची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत कडुलिंबही बुरशीला आवरतो. पण त्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर, आणि मॅलेसेझिया जगतं स्निग्धावरच. रात्रभर तेल चोपडून ठेवणं म्हणजे त्याला पंगत वाढणं.

खर्चात कडुलिंब स्वस्त. वास मात्र सकाळच्या मीटिंगपर्यंत पुरतो! टी ट्री महाग, पण थेंबांवर भागतं. ते काही न मिसळता थेट लावू नये. जुनी, उघडी राहिलेली बाटली तर नकोच, हवेने बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी येऊ शकते. दोन्ही पोटात जाता कामा नयेत, घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर.

नुसता कोंडा असेल तर टी ट्रीचा शाम्पू. कडुलिंबाचं तेल कोरड्या टाचांना ठीक. शिबं पाठभर पसरली असतील तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन केटोकोनाझोलसारखं बुरशीवर लावायचं औषध घ्यावं. यीस्ट मेल्यावरही फिके डाग भरायला काही महिने लागतात.