चौकटीसाठी घानाचा साग: सोलापुरात घ्यावा का?

वखारीत 'आयात साग' म्हणून मिळणारा बराच माल लागवडीतला, त्यात घानाचाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. तेव्हा 'बर्मा साग' म्हणून कोणी जादा भाव सांगितला, तर आधी आयातीचे कागद बघा.

लाकूड चांगलंच आहे. रंधा सहज चालतो आणि पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण झाडं कमी वयात तोडलेली असतात, त्यामुळे गाठी जास्त आणि सालीलगतचा पांढरा भाग रुंद. कीड तिथूनच शिरते. असा नग सरळ बाजूला काढायला लावा.

खरी अडचण ओलीची. न मुरलेला माल सोलापूरच्या उन्हाळ्यात आकसतो, चौकट पिळते, सांधे उघडतात. नगाचं टोक सहा इंच कापून ताज्या कापावर ओल मोजायचा मीटर लावा. वरून लावलं तर कोरडंच दाखवतं. १२ टक्क्यांच्या आसपास हवं.

मापाचंही बघा. दाराच्या एका चौकटीला सात फुटी दोन उभे, साडेतीन फुटी एक आडवा, ५ बाय ३ इंच: १.८२ घनफूट. रंधल्यावर पावणेपाच बाय पावणेतीन उरतं, म्हणजे १३ टक्के लाकूड गेलं. बिल कोणत्या मापावर, हे आधीच ठरवा.

आतल्या दारांना हा साग बिनधास्त घ्या. मुख्य दाराला मात्र पाडलेल्या वाड्याचा जुना साग मिळाला तर तोच उत्तम. फक्त कापण्याआधी सगळे खिळे उपसून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातात.