दिवाळीपासून मृगापर्यंत: झाडीपट्टीत वापरलेली ४ टीबीची हार्ड डिस्क

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी माझा चित्रीकरणाचा व्यवसाय आहे. संगणकातील जागा अपुरी पडू लागल्यामुळे दिवाळीच्या तोंडावर मी सीगेटच्या आयर्नवुल्फ मालिकेतील ४ टीबी क्षमतेची साडेतीन इंची हार्ड डिस्क घेतली. ती कॅबिनेटमध्ये बसवली आणि आता मृग लागून गेल्यावर हा अनुभव लिहीत आहे. मधल्या काळात नाटकांचा पूर्ण हंगाम, लग्नसराई आणि मे महिन्यातील ऊन असे सगळे तिच्यावरून गेले आहे. माझे मत आधीच नोंदवतो. आपल्या भागात ‘किती टीबी’ आणि ‘कोणती कंपनी’ या प्रश्नांवर जेवढा खल होतो, त्याच्या निम्मा विचारही त्या डिस्कला मिळणाऱ्या विजेचा आणि तिच्याभोवतीच्या उष्णतेचा होत नाही. प्रत्यक्षात डिस्कचे आयुष्य मोठ्या प्रमाणात याच दोन गोष्टींवर ठरते.

जागा किती लागते, हे आधी सांगायला हवे. भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलेच असते. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. माझे कॅमेरे सेकंदाला २८ मेगाबिट या वेगाने चित्रीकरण करतात, म्हणजे तासाला साधारण साडेबारा जीबी. सहा तासांचा प्रयोग दोन कॅमेऱ्यांनी घेतला की एका रात्रीचे दीडशे जीबी होतात. याखेरीज दंडारीच्या (आमच्याकडील लोकनाट्याच्या) आणि जुन्या नाटकांच्या मिनी-डीव्ही कॅसेट माझ्याकडे आहेत, ज्या मी सवडीने संगणकावर उतरवतो आणि ज्यांचे दर तासाला सुमारे १३ जीबी होतात. या कॅसेटमधील कित्येक कलावंत आज हयात नाहीत, अनेक नाटकांच्या संहिता कधी छापल्याच गेल्या नाहीत आणि चुंबकीय फीत वर्षागणिक खराबच होत जाते. त्यामुळे ही डिस्क माझ्यासाठी केवळ धंद्याचे साधन नाही.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची साठवण, का घेतली नाही, असे अनेकांनी विचारले. ४ टीबीच्या एसएसडीला हार्ड डिस्कच्या कितीतरी पट पैसे पडतात, हे कारण आहेच. पण मुळात या कामाला तेवढ्या वेगाची गरज नाही. दोन कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी चालवून संपादन करायचे म्हटले तरी सेकंदाला ५६ मेगाबिट, म्हणजे अवघे ७ एमबी वाचावे लागतात, आणि मिनिटाला ५४०० फेऱ्यांची साधी हार्ड डिस्कही सलग वाचनात सहज शंभराच्या पुढे जाते. मी विंडोज, संपादनाचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या तात्पुरत्या फायली जुन्याच एसएसडीवर ठेवल्या आहेत आणि मूळ चित्रीकरण नव्या डिस्कवर. या विभागणीत काम कुठेही अडखळलेले नाही. कपाटात बंद करून वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी तर एसएसडी मला योग्यच वाटत नाही. आयुष्याची लेखनमर्यादा गाठलेल्या ग्राहक श्रेणीच्या एसएसडीने विजेविना, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे, आणि तापमान वाढले की हा काळ घटतो. नवी एसएसडी यापेक्षा बरीच जास्त टिकते हे खरे, परंतु आमच्या घरातील बंद कपाट उन्हाळ्यात ३० अंशांवर राहत नाही.

हार्ड डिस्क घ्यायची ठरल्यावर सर्वांत जास्त चौकशी मी सीएमआर आणि एसएमआर या फरकाची केली, आणि प्रत्येक खरेदीदाराने ती करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सीएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींशेजारी स्वतंत्र असतात. एसएमआरमध्ये त्या छपरावरच्या कवेलूंसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण मधले एक कवेलू बदलायचे तर त्याच्यावरची सारी ओळ उचलून पुन्हा रचावी लागते. डिस्क रिकामी असताना हे जाणवत नाही, मात्र ती भरत आल्यावर शंभर-दीडशे जीबी एकदम उतरवायला घेतले की वेग अचानक कोसळतो. खोक्यावर हा प्रकार बहुधा छापलेला नसतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाल्यानंतर कंपन्यांनी कोणते मॉडेल कोणत्या प्रकारचे, याची माहिती संकेतस्थळांवर जाहीर केली. सीगेटच्या बाराकुडा मालिकेतील ४ टीबीची बहुप्रचलित डिस्क एसएमआर आहे, तर आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस या मालिका सीएमआर आहेत. मालिकेच्या नावावर न थांबता मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकाशी जुळवून पाहावा.

तालुक्याच्या दुकानांत मिळण्याच्या दृष्टीने सोपा पर्याय म्हणजे सीसीटीव्हीसाठीची डिस्क, कारण कॅमेरे बसवणारे ती कायम बाळगून असतात. त्या बहुतेक सीएमआर असतात, सतत लिहिण्यासाठीच घडवलेल्या असतात आणि साध्या संगणकातही चालतात. माझे मॉडेल मिळाले नसते तर मी तीच घेतली असती. मला डिस्क बाहेरून मागवावी लागली. पहिली आली ती पातळ बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळून, मोठ्या खोक्यात सैल टाकलेली होती. मी ती न जोडताच परत केली. फिरत्या तबकडीच्या वस्तूला वाटेत किती आदळआपट झाली हे बाहेरून कळत नाही, म्हणून याबाबतीत भीड बाळगू नये. दुसरी आल्यावर तिचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची मुदत आधी तपासली आणि बिलावर तोच अनुक्रमांक लिहून घेतला. परदेशी बाजारासाठीच्या किंवा तयार संगणकातून काढलेल्या डिस्कला येथे हमी मिळत नाही, आणि ते असे तपासल्याशिवाय समजत नाही.

बसवणी अवघड नाही. वीज बंद करून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे ६-३२ मापाचे स्क्रू लागतात, अडीच इंचीचे बारीक आट्यांचे चालत नाहीत. चारही स्क्रू लावावेत, दोनांवर भागवू नये. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपेटीतून, थेट आलेला साटाचा (डिस्क जोडण्याच्या आजच्या पद्धतीचा) वीजजोड वापरावा. तो शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनांच्या जोडावर लावायचे, साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर टाळावेत, कारण त्यांच्या आतील तारा एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार सर्वज्ञात आहेत. काही मदरबोर्डवर एम.२ या खाचेत एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. त्यामुळे डिस्क दिसत नसेल तर तिला सदोष ठरवण्यापूर्वी पोर्ट बदलून पाहावा.

विंडोजमध्ये नवी डिस्क आपोआप उमटत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइझ करावी लागते. तेथे डिस्कच्या विभागणीची नोंद ठेवण्याची पद्धत एमबीआर की जीपीटी असे विचारले जाते, त्यावर जीपीटीच निवडावे, कारण एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. त्यानंतर ४ टीबीऐवजी ३.६३ टीबी दिसेल. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. फॉरमॅट करताना ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, असे मी ठामपणे सांगेन. त्याला सात-आठ तास लागतात, पण त्यात डिस्कच्या प्रत्येक भागावर एकदा लिहिले जाते, आणि डिस्क मुळातच कमकुवत असेल तर ती बदलून मिळण्याच्या मुदतीतच ते उघडकीस येते.

फाइल व्यवस्थेसाठी मी एनटीएफएस निवडली. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि एक्सफॅटमध्ये बदलांची नोंदवही ठेवलेली नसते. त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर फायलींची यादीच बिघडण्याचा धोका एक्सफॅटमध्ये अधिक असतो, आणि येथे आपण मूळ प्रश्नावर येतो.

वीज अकस्मात गेली तरी डिस्कचे वाचनशीर्ष तबकडीवर आदळत नाही. फिरत्या तबकडीतील उरलेल्या गतीतून वीज निर्माण करून डिस्क ते शीर्ष बाजूला नेऊन ठेवते. तथापि ही आणीबाणीची सोय आहे, रोजच्या वापराची नाही. शिवाय डिस्कच्या स्मृतीत थांबलेली, अजून तबकडीवर न उतरलेली माहिती अशा वेळी जाते ती जातेच. घरी इन्व्हर्टर असला की काम भागले, असा समज सर्वत्र आहे. बहुतेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा एक खटका असतो. नॉर्मलवर ठेवल्यास लाइट गेल्यानंतर बॅटरीवर येण्याच्या क्षणात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. यूपीएसवर ठेवल्यास तो बंद पडत नाही, परंतु मग इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारत नाही. आमच्याकडे उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज त्याखाली उतरते आणि लाइट असूनही घर बॅटरीवर चालू लागते. यावर मी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवून संगणकापुरता ६०० व्हीएचा, कमी व्होल्टेज उचलून देणारा वेगळा यूपीएस लावला. त्यासाठी इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा लागतो, चौकोनी लहरींची वीज असे यूपीएस नीट स्वीकारत नाहीत. दहा-पंधरा मिनिटे मिळतात, तेवढ्यात फायली जतन करून संगणक बंद करता येतो. डिस्कच्या किमतीशी ताडून पाहता हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटला.

उष्णतेची कथा अशीच आहे. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. डिस्क सुरुवातीला वरच्या कप्प्यात होती, जेथे वारा पोहोचत नाही. फाल्गुनातच तिचे तापमान दुपारच्या कामात पन्नाशीला टेकू लागले. मग तिला खालच्या कप्प्यात, हवा आत ओढणाऱ्या पंख्यासमोर आणले आणि पंख्याची जाळी दर आठवड्याला झटकण्याचा नेम ठेवला. त्यानंतर ऐन मे महिन्यातही तापमान ४५ ते ४८ च्या दरम्यान राहिले. माहितीपत्रकातील कमाल मर्यादा ६५ अंशांची असली तरी मी पन्नाशी ओलांडू देत नाही. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत संगणकावर येऊ देऊ नये. त्या वाऱ्याबरोबर ओलावा येतो आणि आतल्या धुळीचा चिकट थर बनतो.

डिस्कची प्रकृती मी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने पाहतो. त्यातील ०५, सी५ आणि सी६ या ओळी महत्त्वाच्या आहेत. खराब झालेल्या किंवा संशयास्पद भागांची मोजणी तेथे होते, आणि माझ्या डिस्कवर त्या आजही शून्य आहेत. आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, ते सेटिंगमधून दशमान करून घ्यावेत. संक्रांतीच्या सुमारास सी७ ही ओळ मात्र वाढू लागली आणि मोठ्या फायली उतरवताना मध्येच क्षणभर थांबा येऊ लागला. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाहतुकीतील चुका, तबकडीवरील बिघाड नव्हे. साटा केबलचे टोक बोटाने हलवून पाहिले तर ते सैल होते, त्याला धातूची खिट्टीही नव्हती. खिट्टीची नवी केबल टक्कन बसली आणि आकडा तेथेच थांबला. तो पुन्हा शून्य होत नाही, त्यामुळे पुढे वाढतो का एवढेच पाहायचे.

दुसऱ्या प्रतीसाठी मी अडीच इंची पोर्टेबल डिस्क वापरतो. ती एसएमआर असली तरी येथे चालते, कारण तिच्यावर एकदा लिहून ठेवायचे असते. ती कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टलाच जोडावी. पुढच्या पोर्टला आतून लांब तार असल्याने कधी वीज कमी पडते आणि डिस्क टकटक आवाज करून थांबते. प्रत उतरवताना मूळ आणि प्रत जुळवून पाहणारे टेराकॉपीसारखे सॉफ्टवेअर मी वापरतो आणि त्यानंतरच कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करतो. ही डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, वडशाला बहिणीकडे वरच्या मजल्यावर असते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने आमच्या तालुक्यातील गावांत जे केले, ते पाहिल्यानंतर दोन्ही प्रती एकाच घरात ठेवण्याची कल्पना मला सहन होत नाही.

आवाजाविषयी थोडे. कोणतीही फिरती डिस्क पूर्ण शांत नसते. हिची घरघर मंद आहे, पण लहान फायली शोधताना येणारी खडखड रात्रीच्या शांततेत ऐकू येते, म्हणून निवेदनाचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा असल्यास मी माइक दुसऱ्या खोलीत लावतो. वेग सुरुवातीला सेकंदाला १८० एमबीच्या आसपास होता. आता पाऊण डिस्क भरल्यावर तो बराच उतरला आहे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तबकडीच्या आतील वर्तुळांत एका फेरीत कमी माहिती मावते.

पुढच्या मंडईपूर्वी जागा वाढवावी लागेल. एकच ८ टीबीची घ्यावी असा सल्ला मला मिळतो आहे. त्या क्षमतेची अनेक मॉडेले ७२०० फेऱ्यांची असतात, ती जास्त तापतात आणि जास्त आवाज करतात. त्यामुळे मी हिच्याच जोडीची आणखी एक ४ टीबीची घेणार आहे, आणि तिच्यासाठी पंख्यासमोरचा खालचा दुसरा कप्पा आताच मोकळा करून ठेवला आहे.