सेस्ना १७२ घेऊन लांबचे पल्ले आणि फ्युएलची कटकट: फ्लाइटगिअर काही महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, हा ग्राफिक्सचा रिव्ह्यू नाहीये. ढग कसे दिसतात, शहरं किती खरी वाटतात, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) किती मिळतो यावर भरपूर लोक लिहितात. मी पावसाळ्यापासून फ्लाइटगिअर या कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये (पुढे नुसतं सिम) जवळजवळ एकच गोष्ट करतोय, सेस्ना १७२पी हे चार सीटचं छोटं पंख्याचं विमान घेऊन लांब लांब जायचं आणि वाटेत उतरून फ्युएल भरायचं. त्यामुळे जे काही लिहितोय ते तेवढ्यापुरतंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्लाइटगिअर ओपन सोर्स आहे, पूर्ण फुकट, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून लोक आपापल्या वेळात बनवत आलेत. इन्स्टॉल केलं की १७२पी त्यातच येतं आणि खरं सांगू का, या एका विमानावर लोकांनी जी मेहनत घेतलीय ना, ती बघून पुढचे कित्येक दिवस दुसरं विमान डाउनलोडच करावंसं वाटलं नाही. कार्ब्युरेटर आयसिंगचा, म्हणजे इंजिनात हवा-फ्युएल मिसळतं तिथे बर्फ धरण्याचा ऑप्शन आहे. फ्युएल कंटॅमिनेशनचाही, म्हणजे फ्युएलमध्ये भेसळ होण्याचाही आहे, तो चालू ठेवला तर टाकीत पाणी असू शकतं, मग उडायच्या आधी पंखाखालून सॅम्पल काढून बघायचं. नाही बघितलं तर वर गेल्यावर इंजिन खोकायला लागतं. हे दोन्ही ऑप्शन चालू करूनच उडा, नाहीतर खालचं सगळं वाचून उपयोग नाही.

आता आकडे. १७२पीच्या स्टँडर्ड टाक्यांमध्ये ४३ गॅलन बसतं, त्यातलं वापरता येतं ४० गॅलन, म्हणजे साधारण १५१ लिटर. क्रूझला, म्हणजे वर गेल्यावर सरळ उडताना, तासाला ८ गॅलनच्या आसपास पितं. कागदावर पाच तास. पण सेस्नाचा स्वतःचा आकडा काय, तर ८००० फुटांवर ७५ टक्के पॉवरला ४४० नॉटिकल मैल (पुढे सगळे मैल हेच, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट), त्यात चढण्याचं फ्युएल आणि ४५ मिनिटांचा रिझर्व्ह, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेलं फ्युएल, धरलेला. सिममध्ये हा आकडा जवळपास तसाच मिळतो, फक्त मिक्श्चर लीन केलं, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी केलं तरच. पुष्कळ जण मिक्श्चरचा लाल नॉब पूर्ण आत ठेवून तसेच उडत राहतात आणि मग म्हणतात सिममध्ये विमान जास्त पितं. वर हवा विरळ असते, त्यामुळे तोच नॉब आत ठेवला की फ्युएल नुसतं वाया जातं. हळूहळू बाहेर ओढायचा, आरपीएम वाढत वाढत एका जागी थांबतो आणि पडायला लागतो, तिथून थोडा परत आत. एवढं केलं की लांब पल्ल्यावर सरळ सरळ अर्ध्या तासाचा फरक पडतो.

मुख्य मुद्दा आता. मेन्यूत फ्युएल अँड पेलोड म्हणून एक खिडकी आहे. दोन टाक्यांचे दोन स्लायडर. ते सरकवले की टाकी भरली. विमान कुठे आहे, इंजिन चालू आहे का, खाली समुद्र आहे की धावपट्टी, काही विचारत नाही. फायटर जेटसाठी हवेत टँकर विमानही बोलावता येतं, ते वेगळं प्रकरण. पण छोट्या विमानाला हवेतच स्लायडर सरकवून फ्युएल देणं हे बहुतेक जण करतात आणि त्यात गैर काही नाही म्हणा, गेम तुमचा आहे. मला मात्र त्यात काही मजा येईना. चार तास ऑटोपायलटवर विमान सोडून द्यायचं, मधे एकदा स्लायडर, परत चार तास. हे उडणं नाही, स्क्रीनसेव्हर आहे.

गंमत म्हणजे सेस्ना १७२ मध्ये उडता उडता फ्युएल भरल्याचं खरं उदाहरण आहे, आणि तेही भन्नाट. १९५८ च्या डिसेंबरात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघं लास व्हेगासहून उडाले ते थेट १९५९ च्या फेब्रुवारीत उतरले, ६४ दिवस २२ तास. विमानाच्या पोटाखाली जादा टाकी लावलेली. सरळ रस्त्यावर खालून ट्रक पळायचा, हे बरोबर त्याच्यावरून हळू उडायचे, विंचने (दोर गुंडाळायच्या यंत्राने) फ्युएलचा पाइप वर ओढायचे आणि पंपाने टाकी भरायचे, दिवसातून दोनदा. तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही आणि ते विमान लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगलेलं आहे. त्यामुळे हवेत स्लायडर सरकवणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की किमान खाली ट्रक तरी कल्पना करा आणि तेवढा वेळ रस्त्यावरून सत्तर-ऐंशी नॉटने सरळ उडून दाखवा. एकदा करून बघा, घाम फुटतो.

मी स्वतःला जे नियम घातले ते साधे आहेत. उतरायचं, पार्किंगला जायचं, मिक्श्चर ओढून इंजिन बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) ऑफ, मगच खिडकी उघडायची. भरलं की सॅम्पल. घड्याळाने किमान वीस मिनिटं थांबायचं. आणि सगळ्यात त्रासदायक नियम, जिथे खऱ्यात अॅवगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळत नाही तिथे सिममध्येही भरायचं नाही.

या शेवटच्या नियमाने अख्खा नकाशाच बदलतो. आपल्याकडे मोठ्या विमानतळावर जे मिळतं ते एटीएफ, म्हणजे जेटचं रॉकेलसारखं फ्युएल. १७२पीच्या पिस्टन इंजिनला ते चालत नाही, त्याला अॅवगॅस १००एलएल लागतं, शिसं घातलेलं पेट्रोल. आणि भारतात २०२२ पर्यंत हे सगळं बाहेरून यायचं, त्या वर्षी सप्टेंबरात इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं अॅवगॅस बाजारात आणलं. त्यामुळे भारतात रूट आखताना मी जिथे फ्लाइंग स्कूल आहे तिथेच फ्युएल मिळेल असं धरतो. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया. मग जुहूहून नागपूरला जायचं तरी डोकं लावावं लागतं, आधी नुसती रेघ मारून निघायचो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उत्तर अटलांटिकवर, आणि हे सिम विकत घ्यावं लागलं असतं तरी या एका रूटसाठी घेतलं असतं. छोटी विमानं युरोपातून अमेरिकेला खरंच या वाटेने नेतात. मुंबईची आरोही पंडित २०१९ मध्ये एकटी, लाइट स्पोर्ट (अगदी हलक्या, छोट्या) विमानातून स्कॉटलंडहून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडाला गेली ती याच वाटेने. स्कॉटलंडच्या टोकाला विक, तिथून फेरो बेटांवरचं वागार साधारण २५० मैल, तिथून आइसलँडचं होफ्न परत अडीचशे, मग रेक्याविक. इथपर्यंत १७२पीला काही टेन्शन नाही, हवामान सोडून. खरी परीक्षा रेक्याविक ते ग्रीनलँडचं कुलुसुक. ३९५ मैल, सगळं पाण्यावरून, आणि वारा बहुतेक वेळा समोरून.

हिशोब बघा. हवेतला वेग ११० नॉट धरला आणि समोरून २० नॉट वारा असला तर जमिनीवरून वेग ९०, म्हणजे चार तास वीस-पंचवीस मिनिटं, ३५ गॅलन, वर चढायचं वेगळं. रिझर्व्ह संपला. ३० नॉट असला तर पाच तासाला टेकतो, म्हणजे टाकीच संपली. आणि थंडीत ढगात कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा) लावली की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे त्यात फ्युएलचं प्रमाण वाढतं, म्हणजे अजून खर्च. त्यामुळे परत फिरायची शेवटची जागा आधीच काढून ठेवावी लागते. ३० नॉटच्या वाऱ्यात जाताना ८०, येताना १४०, रिझर्व्ह बाजूला ठेवून हातात सव्वाचार तास, तर ती जागा येते रेक्याविकपासून साधारण २१५ मैलांवर. तिथे पोचेपर्यंत जीपीएसवर वेग वाढला नसेल तर गुपचूप मागे वळायचं. मी वळलोय, एकदा नाही, बऱ्याचदा. घरचे विचारतात चार-पाच तास बसून परत तिथेच आलास का? हो, आलो. पण त्या दिवशी जे शिकलो ते ऑटोपायलटवर सोडून देऊन कधी कळलं नसतं.

कुलुसुकची धावपट्टी खडीची, १२०० मीटरची, बाजूला डोंगर आणि बर्फ. आर्क्टिकमध्ये बऱ्याच ठिकाणी अॅवगॅस ड्रममधून येतं, दोनशे लिटरच्या वरचा एक ड्रम. म्हणजे १७२पीच्या दोन्ही टाक्या कोरड्या असल्या तरी एका ड्रममधलं थोडं उरतंच. आणि फुल टाकी म्हणजे नुसतं फ्युएलच ११० किलोच्या आसपास. पेलोडच्या त्याच खिडकीत मागच्या सीटवर दोन माणसं आणि सामान टाकून फुल टाकी करून बघा, २४०० पाउंडाच्या लिमिटला कसं जाऊन धडकतं ते. फ्युएल जास्त घेतलं तर माणूस उतरवायचा, माणूस घेतला तर वाटेत एक थांबा जास्त. हे गणित सिम न बोलता शिकवतं.

ग्रीनलँड ओलांडून नूक ते कॅनडाचं इकालुइत ४४५ मैल आहे, ते या टाकीत बसत नाही. खरे फेरी पायलट (रिकामी विमानं एका देशातून दुसऱ्या देशात पोचवणारे) मागच्या सीट काढून केबिनमध्ये जादा टाकी बसवतात. मी उत्तरेकडून वळसा काढला, ग्रीनलँडच्याच सिसिमिउतवरून कॅनडाच्या किकिकतारजुआकला साधारण २४० मैल आणि मग खाली इकालुइत. किकिकतारजुआकला आपला ड्रम आधी पाठवून ठेवलाय असं धरलं. एवढी सूट घेतो मी.

आता कमी काय वाटतं ते. जमीन रिकामी वाटते. इंजिन बंद केल्यावर कोणी येत नाही, ना गाडी ना माणूस, शांततेत तुम्ही आणि स्लायडर. हवामान खऱ्या रिपोर्टवरून येतं पण तो रिपोर्ट विमानतळावरचा, वरचा वारा सिम अंदाजाने ठरवतं. लांब पल्ल्याला वरचाच वारा महत्त्वाचा, म्हणून मी वेगळा बघून हाताने टाकतो. वेळ पळवायची सोय आहे, समुद्रावर मोह होतो, पण त्यात मिक्श्चर, आइसिंग यांच्याकडे दुर्लक्ष होतं, मी नाही वापरत. बाहेरून उतरवलेल्या विमानांचं सांभाळून, माझ्याकडे एक असं होतं की उजवी टाकी कधी कमीच व्हायची नाही, जादूची टाकी. नाव नाही घेत, बिचाऱ्याने फुकटच दिलंय. आणि फ्युएल गेजवर विसंबून राहू नका, खऱ्यातही पायलट गेजपेक्षा घड्याळावर जास्त भरवसा ठेवतात. वहीत निघायची वेळ, टाकीतलं फ्युएल आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहा.

नवीन माणसाने थेट अटलांटिकला जाऊ नये. जुहू ते अहमदाबाद करा, २४० मैलांच्या आत, सव्वादोन तास, अर्धी टाकी उरते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ या छोट्या विमानातून निघाले आणि अहमदाबादला उतरून जुहूला आले तोच हा टप्पा, उलटा. अहमदाबादला त्यांचं पेट्रोल बैलगाडीवरून आलं होतं, चार-चार गॅलनच्या डब्यातून. म्हणून अहमदाबादला मी ४ गॅलनच्या पटीतच भरतो, ८, १२, १६, तेवढीच गंमत. तिथून परत जुहूला यायला १६ पुरतं का हे वाऱ्यावर आहे, निघायच्या आधी मोजा.

लॅपटॉप साधा असला तरी चालतं, माझा काही गेमिंगवाला नाही. सीनरी, म्हणजे खालची जमीन-विमानतळ, सिममधल्या टेरासिंक या सोयीने उडता उडता डाउनलोड होते, त्यामुळे नेट आणि डिस्कमधली जागा दोन्ही लागतात, ग्रीनलँडला निघायच्या आधी तेवढं बघून ठेवा.