कोल्हापुरात घराचं कर्ज कुठे काढावं, सिबिल न बिघडवता

पाचगाव, कळंबा, उचगाव, कुठल्याही नव्या स्कीमवर जा. साईटवरचा एजंट पॅन आणि आधारची झेरॉक्स मागतो आणि सांगतो, "चार बँकांत फाईल टाकतो, जिथं लवकर होईल तिथं घेऊ." तिथंच नाही म्हणा. चार ठिकाणी फाईल लॉगिन झाली, म्हणजे अर्ज बँकेच्या सिस्टीमवर चढला, की चौघांनीही सिबिल (तुमच्या कर्जफेडीचा रिपोर्ट आणि स्कोअर) काढलेलं असतं. रिपोर्टच्या 'एन्क्वायरी' भागात बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि मागितलेली रक्कम अशा चार ओळी उमटतात. पाचव्या बँकेत त्या वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती चौघांनी नाकारलं की काय, हीच. ४५ दिवसांतल्या सगळ्या चौकश्या एकच धरतात असं इंटरनेटवर वाचायला मिळतं, पण तो हिशोब अमेरिकेतल्या फायको स्कोअरचा आहे. इथे त्यावर विसंबू नका.

आपला रिपोर्ट आपण स्वतः काढला तर स्कोअर एका अंकानेही उतरत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. कर्जाच्या दोन-तीन महिने आधी तो काढा आणि स्कोअरच्या आकड्यापेक्षा आतली पानं बघा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात. '०००' म्हणजे हप्ता वेळेत, '०३०' म्हणजे तीस दिवस थकलेला. फिटलेलं कर्ज अजून चालू दिसणं आणि 'सेटल्ड' शेरा (पूर्ण रकमेऐवजी तडजोडीने कमी भरून मिटवलेलं कर्ज), या दोन गोष्टी सर्वात जास्त नडतात. आपल्याकडे तिसरीही आहे: मित्राला, भावकीत कुणाला दिलेली जामीनकी. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात येतं, आणि त्याचा हप्ता थकला की डाग तुमच्यावरही पडतो. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

क्रेडिट कार्ड लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवा आणि बिल तयार होण्याआधीच भरा, कारण ब्यूरोकडे, म्हणजे सिबिलसारख्या संस्थांकडे, बहुधा बिलावरची रक्कम जाते. जुनं कार्ड या काळात बंद करू नका.

आता कर्ज देणारे. पगारदार, शहर हद्दीतली मिळकत, प्रॉपर्टी कार्ड स्वच्छ, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात, अशांनी सरळ राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत जावं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग (बदलत्या दराचं) गृहकर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर), जोडावं लागतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हा याचा फायदा थेट हप्त्यात दिसला. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे ओव्हरड्राफ्टसारखं खातं धंद्यातली रक्कम मधूनच येणाऱ्यांना उपयोगी आहे: जादा पैसे ठेवा, व्याज वाचवा, लागले की काढा.

हाउसिंग फायनान्स कंपन्या स्वतःचा मूळ दर वापरतात. रेपो उतरला म्हणून त्यांचा दर लगेच उतरेलच असं नाही. पण गुजरीतला कारागीर, हुपरीचा चांदीवाला, उसाच्या बिलावर घर चालवणारा, ज्याचं उत्पन्न सॅलरी स्लिपवर बसत नाही, त्याचा हिशोब त्या जास्त मोकळेपणाने मांडतात. ती सोय थोड्या जादा दराने मिळते आणि अशा माणसाला ती परवडते, असं आमचं मत आहे.

सहकारी बँकेत माणूस ओळखीचा आणि काम झटपट. मात्र सभासद व्हावं लागतं आणि शेअर्स घ्यावे लागतात, तारण कर्जाला बहुधा अडीच टक्के. ३० लाखांवर ते ७५,००० रुपये होतात. वर दोन जामीनदार. पतसंस्थेचं कर्ज घरासाठी आम्ही सुचवणार नाही. तिथली वेळेवरची परतफेड अनेकदा सिबिलला पोचतच नाही, म्हणजे वीस वर्षं इमानाने भरूनही नाव तयार होत नाही.

फरक किती पडतो? ३० लाख, २० वर्षं: ८ टक्क्यांनी हप्ता २५,०९३ रुपये, साडेआठने २६,०३५. महिन्याला ९४२, मुदतीअखेर सव्वादोन लाखांच्या वर. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली तर १५,००० आणि जीएसटीचे २,७००. खरा चिमटा विम्याचा. ९०,००० रुपयांचा एकरकमी हप्ता कर्जातच घातला तर साडेआठ टक्क्यांनी तो महिना ७८१ रुपये होऊन शेवटी १ लाख ८७ हजारांना पडतो. विमा त्याच बँकेकडून घ्यायची सक्ती नाही. टर्म विमा बाहेरून घ्या.

म्हणून क्रम असा ठेवा. स्वतः काढलेला रिपोर्ट छापून तीन शाखांत घेऊन जा, तो दाखवून दर, रेपोवरचा स्प्रेड (रेपोच्या वर बँक जोडते ते टक्के), फी, वकील आणि व्हॅल्युअरचा (मिळकतीची किंमत ठरवणाऱ्याचा) खर्च लिहून मागा. पॅनची झेरॉक्स देऊ नका, सहीही नको. मग एकाच ठिकाणी लॉगिन करा आणि त्या झेरॉक्सवर बँकेचं नाव, तारीख, 'फक्त गृहकर्जासाठी' असं आडवं लिहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर असतो आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आधी सांगितलेल्या आकड्यांशी ते जुळलं नाही तरच दुसरं दार ठोठवा.

लॉगिनआधी मिळकतीची कागदपत्रं स्वतःच्या वकिलाला दाखवून सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाचा तपास) काढा, हे सर्वात महत्त्वाचं. नियमित न झालेला गुंठेवारी प्लॉट किंवा पंचगंगेच्या निळ्या पूररेषेतली, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यातली, जागा असेल तर व्हॅल्युअर आणि वकील फाईल अडवतात. तोवर फी गेलेली असते आणि एन्क्वायरी रिपोर्टात बसलेली असते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यात सहसा धरत नाहीत, ती रोकड वेगळी ठेवा.

मंजुरीपत्र आलं तरी पूर्ण रक्कम सुटेपर्यंत दसऱ्याच्या ऑफरमधली गाडी किंवा हप्त्यावरचा मोबाईल घेऊ नका. चेक देण्याआधी बँक पुन्हा सिबिल बघू शकते.